स्टेटस टाकण्यापूर्वी... (डायरेक्ट सेलिंग आणि सोशल मीडियाचे नियम : एक तोंडओळख)

परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख माहीत नसलेला विद्यार्थी आपल्या हॉस्टेलवर सहज सापडेल, पण "पार्ट टाइम इन्कम हवंय का?" हा मेसेज कधीच न आलेला विद्यार्थी सापडणं कठीण! कुणाचा सीनियर, कुणाची मावशी, कुणाचा बारावीतला मित्र... कुणीतरी शाम्पू, प्रोटीन पावडर, क्रीम नाहीतर डबे विकतच असतं. दुकान नाही, गल्ला नाही, पाटी नाही. सगळा धंदा व्हॉट्सअ‍ॅपचं स्टेटस, इन्स्टाग्राम आणि फेसबुकवर चालतो. मालक कंपनीचा नोकर नसलेला, पण कंपनीचा माल थेट ग्राहकाला विकून कमिशन कमावणारा हा माणूस म्हणजे 'डायरेक्ट सेलर'.

हा लेख या धंद्याची जाहिरात करण्यासाठी नाही आणि त्याला शिव्या देण्यासाठीही नाही. प्रामाणिकपणे माल विकून घराला हातभार लावणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. प्रश्न एवढाच आहे, की आपण सोशल मीडियावर जे टाकतो त्याला काही नियम आहेत का? आहेत, आणि ते बऱ्याच जणांना माहीतच नाहीत. (माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. एवढं लांबलचक मराठीत पहिल्यांदाच लिहितेय, तेव्हा भाषा जरा सांभाळून घ्या.)

हा विषय का घेतला?

मी नळदुर्गची. आमचं गाव बाहेरच्यांना माहीत आहे ते किल्ल्यामुळे, पाणी महालामुळे आणि पावसाळ्यात कोसळणाऱ्या नर-मादी धबधब्यांमुळे. गावात राहणाऱ्यांना मात्र दुसरीच गोष्ट जास्त जाणवते, ती म्हणजे इथे प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो. त्यामुळे फोनमधला प्रत्येक कॉन्टॅक्ट कुणाचा तरी काका, कुणाची तरी आत्या असतो.

आमच्या गल्लीतल्या एक काकू अशाच एका कंपनीचा माल विकतात. "तू इंजिनियर होणार ना गं, मग एवढं तरी करून दे," म्हणून त्यांच्या पोस्ट बनवायचं काम सुट्टीत माझ्याकडे असतं. गेल्या सुट्टीत त्यांच्या वरच्या लीडरने ग्रुपवर एक तयार चित्र पाठवलं. 'शुगर मुळापासून बरी! गोळ्यांना कायमची सुट्टी!' काकूंनी ते सकाळी जसंच्या तसं स्टेटसला ठेवलं. संध्याकाळी गल्लीतले एक रिटायर्ड मास्तर, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, हातात गोळ्यांची पट्टी घेऊन दारात आले. "सूनबाई, तुमचं स्टेटस वाचलं. मग आता ह्या बंद करू का?"

काकू घाबरल्याच. "अण्णा, तसलं काही करू नका. आधी डॉक्टरांना विचारा," म्हणाल्या आणि तिथल्या तिथे स्टेटस काढून टाकलं. अण्णा विचारायला आले म्हणून बरं झालं. पण विचारायला न येता ज्यांनी नुसतंच वाचलं, त्यांचं काय? हा प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून मग नियम वाचायला बसले. त्यातून जे कळलं ते इथे देते आहे.

डायरेक्ट सेलिंग कशाला म्हणायचं?

आपल्या देशात यासाठी स्वतंत्र नियम आहेत : ग्राहक संरक्षण (डायरेक्ट सेलिंग) नियम, २०२१. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या आधाराने केंद्र सरकारने ते २८ डिसेंबर २०२१ रोजी जाहीर केले. त्याआधी २०१६ साली मार्गदर्शक सूचना निघाल्या होत्या, पण त्या सूचनाच होत्या. आताचे नियम कायद्याच्या आधाराने केलेले आहेत.

या नियमांत दोन गोष्टींना सरळ बंदी आहे, पिरॅमिड योजना आणि मनी सर्क्युलेशन योजना. कंपनीने त्या चालवायच्या नाहीत आणि डायरेक्ट सेलिंगच्या नावाखाली कुणी त्यांत भागही घ्यायचा नाही. मनी सर्क्युलेशनवर तर १९७८ सालापासून वेगळा बंदी कायदाच आहे. ओळखायचं कसं? एक साधा प्रश्न विचारायचा : पैसे मालाच्या विक्रीतून येतात, की नवीन माणसं भरती करण्यातून? पैसा जर भरतीतूनच येत असेल तर मालाचा डबा फक्त दाखवायला आहे असं समजा.

आपण इंजिनियरिंगचे विद्यार्थी, तेव्हा हिशेब करून बघू. समजा योजना सांगते, 'फक्त सहा जण आणा, ते प्रत्येकी सहा आणतील.' पहिल्या पातळीवर ६, दुसऱ्या पातळीवर ३६, तिसऱ्या पातळीवर २१६... ही आपली जुनी ओळखीची भूमिती श्रेढी! आठव्या पातळीवर आकडा होतो १६,७९,६१६. आता २०११ च्या जनगणनेत आमच्या अख्ख्या जिल्ह्याची (तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव) लोकसंख्या होती १६,५७,५७६. म्हणजे तान्ही बाळं धरून सगळा जिल्हा सामील झाला तरी एकटी आठवी पातळी भरत नाही. तेराव्या पातळीला तर १३०६ कोटी माणसं लागतात, आणि पृथ्वीवर आहेत साधारण ८०० कोटी! शिवाय साखळी कुठेही थांबवा, दर सहांपैकी पाच जण शेवटच्या पातळीवर असतात, म्हणजे त्यांच्याखाली कुणीच नसतं. हे कुणाच्या आळशीपणामुळे होत नाही, गणितच तसं आहे. म्हणून 'मेहनत केलीस तर तुलाही जमेल' हे वाक्य भरतीच्या बाबतीत सगळ्यांसाठी खरं असूच शकत नाही.

महाराष्ट्राने याचा अनुभवही घेतला आहे. 'स्पीक एशिया' आठवतंय का? आपण तेव्हा शाळेत होतो. ती डायरेक्ट सेलिंग कंपनी नव्हती, ऑनलाइन सर्व्हे भरून पैसे मिळतील असं सांगणारी योजना होती. लाखो लोकांनी वर्गणी भरली आणि आपल्याच नातेवाइकांना आणलं. २०११ साली मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे प्रकरण गेलं. अशा प्रकरणात पैसे तर जातातच, पण ज्यांना आपण आणलं त्यांच्या घरी जायची तोंडं पण बंद होतात.

'स्वतंत्र' या शब्दाची किंमत

डायरेक्ट सेलर हा कंपनीचा नोकर नसतो. कंपनीशी लेखी करार करून तो स्वतःच्या जबाबदारीवर धंदा करतो. मीटिंगमध्ये हे फार अभिमानाने सांगितलं जातं, 'यू आर युवर ओन बॉस!' खरं आहे. पण त्याची दुसरी बाजू कुणी सांगत नाही. बॉस तुम्ही, तर पोस्टही तुमचीच. 'मी फक्त फॉरवर्ड केलं', 'वरून आलं होतं' ही उत्तरं पुरत नाहीत.

कायद्यात 'जाहिरात' या शब्दाची व्याख्या बघितली तर गंमत वाटते. २०१९ च्या कायद्यात प्रकाश, आवाज, धूर, गॅस, छापील कागद, इंटरनेट, वेबसाइट यांपैकी कशाच्याही साहाय्याने केलेली प्रसिद्धी जाहिरातीत धरली आहे. धुराने केलेली जाहिरात ज्यात येते, त्यात आपलं स्टेटस येणार नाही असं समजायचं कारण नाही.

नियमांप्रमाणे सेलरने विकलेल्या मालाच्या तक्रारींची जबाबदारी कंपनीवरही असते. परदेशातही असंच बघितलं जातं. कोरोनाच्या काळात, एप्रिल २०२० मध्ये, अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने मल्टिलेव्हल मार्केटिंगच्या १० कंपन्यांना इशारा-पत्रं पाठवली, आणि जूनमध्ये आणखी ६ कंपन्यांना. कारण काय? कंपन्यांनी किंवा त्यांच्या सेलर मंडळींनी सोशल मीडियावर टाकलेले मजकूर. काहींत कोरोना बरा होईल किंवा टळेल असं सुचवलं होतं, काहींत नोकरी गेलेल्यांना कमाईची आशा दाखवली होती. म्हणजे एका साध्या सेलरची पोस्ट थेट मोठ्या कंपनीच्या गळ्याशी येऊ शकते. म्हणूनच चांगल्या कंपन्या आपल्या सेलर लोकांना सोशल मीडियाची लेखी नियमावली देतात. तुमच्या कंपनीने दिली नसेल तर मागून घ्या.

पोस्ट करताना पाळायचे नियम

आता मुख्य मुद्दा. कायदे, नियम आणि सूचना वाचून मी काकूंसाठी सात मुद्दे काढले. तेच इथे देते.

१) आधी ओळख, मग माल. २०२१ च्या नियमांप्रमाणे विक्रीचं बोलणं सुरू करतानाच सेलरने आपली खरी ओळख, कंपनीचं नाव, मालाचं स्वरूप आणि आपला हेतू स्पष्ट सांगायचा असतो. म्हणजे 'हाय डिअर, खूप दिवसांनी! कशी आहेस?' असं सुरू करून पाचव्या मेसेजला क्रीम काढणं या नियमाच्या विरुद्ध जातं. नियमांत असंही आहे, की ओळखपत्र आणि आधी घेतलेली वेळ किंवा परवानगी याशिवाय ग्राहकाच्या घरी जायचं नाही. इनबॉक्सबद्दल तिथे वेगळं लिहिलेलं नाही, पण माझ्या मते तेही एक घरच आहे. न विचारता कुणाला ग्रुपमध्ये घालणं म्हणजे दार न वाजवता आत शिरणं.

२) फायदा मिळतो, हे लपवू नका. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने सोशल मीडियावर शिफारस करणाऱ्यांसाठी सूचना काढल्या. पैसे, फुकट माल, सवलत असा कोणताही संबंध असेल तर तो सहज दिसेल असा सांगायचा. हॅशटॅगच्या गर्दीत लपवायचा नाही. व्हिडिओ असेल तर दिसलाही पाहिजे आणि ऐकूही आला पाहिजे. आणि ज्या भाषेत शिफारस, त्याच भाषेत हा खुलासा. म्हणजे पोस्ट मराठीत आणि 'अ‍ॅड' हा शब्द कोपऱ्यात बारीक इंग्रजीत, हे चालत नाही. तुम्ही म्हणाल, या सूचना मोठ्या इन्फ्लुएन्सरसाठी आहेत. पण आपल्या अधिकारामुळे, ज्ञानामुळे किंवा लोकांशी असलेल्या नात्यामुळे जो त्यांच्या खरेदीवर प्रभाव टाकू शकतो, तो इन्फ्लुएन्सर, असं तिथे म्हटलंय. गावात तर नात्याइतका प्रभाव दुसऱ्या कशाचाच नसतो!

३) कंपनीने मान्य केलेलाच दावा करा. कंपनीच्या अधिकृत दाव्याशी न जुळणारा दावा सेलरने करायचा नाही आणि कंपनीने मंजूर न केलेलं साहित्य नवीन माणसाला द्यायचं नाही, असं नियमांत स्पष्ट आहे. लीडरने मोबाईलवर बनवलेलं चित्र म्हणजे कंपनीचं साहित्य नव्हे. 'हे कंपनीच्या वेबसाइटवर कुठे आहे?' एवढं विचारलं की निम्मी चित्रं गळून पडतात.

४) आजार बरा होतो असं लिहू नका. हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. १९५४ च्या औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याला ५४ आजारांची आणि अवस्थांची यादी जोडलेली आहे. मधुमेह, कर्करोग, लठ्ठपणा, रक्तदाब हे सगळे त्यात आहेत. ते बरे करणाऱ्या औषधाची जाहिरात केली तर पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. 'आमचं औषध नाही, फूड सप्लिमेंट आहे' म्हणाल तर तिथे अन्नसुरक्षा कायदा, २००६ उभा आहे. खाद्यपदार्थाच्या फसव्या जाहिरातीला त्यात १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे. आणि कायद्याचं सोडा, वाचणारा गोळ्या बंद करू शकतो, एवढं कारण पुरेसं नाही का?

५) कमाईची स्वप्नं विकू नका. 'घरबसल्या महिना पन्नास हजार', भाड्याच्या गाडीपुढचा फोटो, कुणाच्या तरी चेकचा स्क्रीनशॉट... हे सगळं दावाच असतं, जरी खाली एक शब्द लिहिला नसला तरी. प्रत्यक्ष किंवा संभाव्य कमाईबद्दल खोटं चित्र उभं करून माणूस जोडायचा नाही, असं २०१६ च्या सूचनांतही होतं. २०२१ च्या नियमांतही दिशाभूल, जबरदस्ती आणि छळ यांना मनाई आहे. कमाई सांगायचीच असेल तर खर्च वजा करून सांगा. स्वतः विकत घेतलेला माल, एस.टी.चं भाडं, मीटिंगचं तिकीट सगळं धरून.

६) फोटो खरा, आणि विचारून. आधीच्या फोटोत पिवळा बल्ब आणि नंतरच्या फोटोत फिल्टर, असे 'बिफोर-आफ्टर' म्हणजे सरळ फसवणूक. ग्राहकाचा चेहरा, आजार, ऑर्डर, फोन नंबर हे त्याच्या परवानगीशिवाय टाकू नका. ग्राहकाची खासगी माहिती सांभाळणं सेलरवर नियमाने बंधनकारक आहे. आणि 'बाजारातल्या बाकी पेस्ट विषारी आहेत' असं खोटं सांगून दुसऱ्याच्या मालाची बदनामी करणं ही कायद्याच्या भाषेत अनुचित व्यापार प्रथा आहे.

७) ऑनलाइन दुकान मांडण्यापूर्वी करार वाचा. कंपनीचा माल अ‍ॅमेझॉनसारख्या ठिकाणी विकता येतो का, यावर अ‍ॅमवे आणि अ‍ॅमेझॉन यांच्यात दिल्ली उच्च न्यायालयात मोठा खटला झाला. २०१९ मध्ये एका न्यायमूर्तींनी अ‍ॅमवेच्या बाजूने अंतरिम आदेश दिला, आणि जानेवारी २०२० मध्ये खंडपीठाने तो फिरवला. २०१६ च्या सूचना सल्ल्याच्या स्वरूपाच्या आहेत, कायदा नव्हेत, असं खंडपीठाने म्हटलं. पण तुमच्या सहीचा करार तुम्हाला लागू असतोच. तेव्हा त्यात काय लिहिलंय ते आधी बघा. कंपनीचं नाव किंवा लोगो वापरून पेज काढतानाही हेच.

मोडलं तर? फसव्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकतं. पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. शिफारस करणाऱ्यालाही हे लागू आहे. मात्र शिफारस करण्यापूर्वी ज्याने दाव्याची नीट खातरजमा केली असेल, त्याला कायद्याने सूट दिली आहे. म्हणजे काय? तर विचारणाऱ्याला कायदा सांभाळून घेतो. आपल्यावर १० लाखांची नोटीस येईल असं मी म्हणत नाही, पण कायदा कोणाच्या बाजूने उभा आहे ते यावरून कळतं.

एकच पोस्ट, दोन प्रकारे

उदाहरण घेऊ. काकूंच्या ग्रुपवर आलेला मजकूर साधारण असा होता :

"चमत्कारिक पावडर! ७ दिवसांत वजन कमी, शुगर गायब! माझं आयुष्य बदललं, तुमचंही बदला. मर्यादित जागा! किंमतीसाठी इनबॉक्स करा."

आम्ही बदलून असा केला :

"मी या कंपनीची स्वतंत्र विक्रेती आहे, विक्रीवर मला कमिशन मिळतं. ही प्रोटीन पावडर आहे, औषध नाही. डब्यावरची माहिती आणि किंमत फोटोत दिली आहे. माल परत करण्याचे नियम विचारलेत तर पाठवते. शुगर, बीपी किंवा दुसरा कुठला आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा."

काकू म्हणाल्या, "अगं, असं लिहिल्यावर कोण घेणार?" प्रश्न रास्त आहे. चौकशीचे मेसेज सुरुवातीला खरंच कमी झाले. पण ज्यांनी घेतलं त्यांना काय घेतोय ते माहीत होतं, आणि त्यांतल्या काहींनी पुढच्या महिन्यात पुन्हा डबा मागवला. दुकानदार ज्याला 'बांधलेलं गिऱ्हाईक' म्हणतो ते असंच तयार होत असावं. चमत्काराच्या पोस्टवर मिळालेलं गिऱ्हाईक आठव्या दिवशी वजनकाट्यावर उभं राहतं, मग पुढे काय होतं ते सांगायला नको.

तुम्हालाच कुणी 'जॉइन हो' म्हटलं तर?

हॉस्टेलवाल्यांनो, हा भाग तुमच्यासाठी. वर्गात आपण साठ जण, शिवाय मेसचे, बसचे, गावाकडचे ओळखीचे, म्हणून विद्यार्थ्यांवर अशा लोकांचा डोळा असतो. सही करण्यापूर्वी एवढं बघा :

- लेखी करार मिळतोय का? कंपनीचं भारतात नोंदणीकृत ऑफिस आहे का? वय अठरा पूर्ण नसेल तर कराराच्या भानगडीत पडूच नका.
- माहितीपत्रकं किंवा दाखवायचा माल विकत घ्यायची सक्ती आहे का? नवीन माणसावर अशी सक्ती करायला सेलरला मनाई आहे. मेसचे पैसे 'किट'मध्ये घालायला सांगणाऱ्या सीनियरला हा नियम दाखवा.
- 'तू दोन मित्र आण, तुझे पैसे वसूल' असं सांगून माल गळ्यात मारतायत का? तेही चालत नाही.
- मन बदललं तर दंड न भरता करार रद्द करायची मुदत, म्हणजे 'कूलिंग-ऑफ', किती दिवसांची आहे? उरलेला माल परत घेतात का?
- तक्रार अधिकाऱ्याचं नाव वेबसाइटवर आहे का? तक्रार मिळाल्याची पोच ४८ कामकाजाच्या तासांत आणि निकाल साधारण महिन्याभरात द्यावा असं नियम सांगतात.

आणि फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, फोन फुकट लागतो. आपल्या ओळखीच्याने आणलं म्हणून तक्रार करत नाही, हेच बहुतेक वेळा होतं. पण तो ओळखीचाही कुणाच्या तरी खाली अडकलेला असतो. तुमच्या तक्रारीने कदाचित तोही सुटेल.

समारोप

हे सगळे नियम वाचल्यावर मला एक गोष्ट जाणवली. मोठी कंपनी टीव्हीवर जाहिरात करते तेव्हा लोक ती जाहिरात म्हणूनच बघतात. 'असं बोलायचेच ते' म्हणून निम्मं सोडून देतात. पण आपल्या माणसाचं स्टेटस लोक जाहिरात म्हणून वाचत नाहीत. आपलं माणूस सांगतंय म्हणून वाचतात. डायरेक्ट सेलिंगचं सगळं भांडवल हेच आहे. ते कंपनी देत नाही, आपण घरून घेऊन येतो. आजी-आजोबांनी, आई-वडिलांनी इतकी वर्षं गावात सरळ वागून जमवलेली ती पुंजी असते. कमिशन पंधरा टक्के असो की वीस, त्या पुंजीवर डाग पडला तर भरून निघत नाही.

म्हणून कुणी पार्ट टाइम म्हणून हा धंदा करत असाल तर जरूर करा, पण पोस्ट टाकण्यापूर्वी तीन प्रश्न स्वतःला विचारा. मी कोण आणि मला काय मिळतं हे यात दिसतंय का? हा दावा कंपनी लेखी मान्य करेल का? आणि माझ्या आजोबांनी हे वाचून खरं मानलं तर मला चालेल का? तिन्हीची उत्तरं 'हो' असतील तर खुशाल बटण दाबा. एकाचं जरी 'नाही' आलं, तर तो मेसेज आधी वर पाठवणाऱ्याला परत पाठवा आणि पुरावा मागा.